वस्तीचा नळ कोरडा? ग्रामसभेत विषय लावून धरायची रीत

ग्रामसभेत कोणीतरी उठतो, पाण्यावरून तावातावाने बोलतो, मागून दोन-चार जण "बरोबर आहे!" म्हणतात, सरपंच "बघू, करून घेऊ" म्हणतात आणि विषय मिटतो. महिन्याने प्रोसिडिंग बुक (सभेच्या इतिवृत्ताची वही) उघडलं तर एकच ओळ सापडते : "पाणीपुरवठ्याबाबत चर्चा करण्यात आली." ही ओळ घेऊन पंचायत समितीत गेलात तर कोणी दाद देत नाही. काय करायचं, कोणी करायचं, कधीपर्यंत आणि कुठल्या पैशातून, यातलं त्या ओळीत काहीच नसतं.

ही चार उत्तरं ठरावात लिहून घेणं, हेच गावातल्या गटाचं खरं काम. त्यातलं बरंचसं सभेच्या आधी होतं, उरलेलं सभेनंतर. सभेचा दिवस मधला एक टप्पा.

खालची पद्धत एका नेहमीच्या प्रश्नासाठी लिहिली आहे : गावात नळयोजना आहे, टाकी आहे, पण टोकाच्या वस्तीला पाणी पोचत नाही. गटार, अंगणवाडीची खोली, स्मशानभूमीचा रस्ता यांनाही हीच रीत लागू पडते, फक्त मोजमाप बदलतं.

गट किती जणांचा

पाच-सहा जण पुरेत. वीस जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप करून काही होत नाही. त्यात सुप्रभातच्या फुलांखाली पोच पावतीचा फोटो गडप होतो. दोघे मोजणी करणारे, एक जण लिहिणारा, एक जण फाइल सांभाळणारा आणि घरोघर फिरणाऱ्या किमान दोन बायका. पाणी किती वाजता येतं, किती हंडे भरतात, शेवटचा हंडा कधी भरतो, हे बाईलाच ठाऊक असतं. पुरुषमंडळींनी भरलेल्या फॉर्मवर बहुतेक वेळा "पाणी कमी येतं" एवढंच असतं.

गटात दोन्ही पार्ट्यांची माणसं घ्या. एकाच पार्टीचा गट झाला की विषय पाण्याचा राहत नाही, पुढच्या निवडणुकीचा होतो. गटातल्या प्रत्येकाची पाणीपट्टी आणि घरपट्टी भरलेली असावी. हे आधी सांगायचं कारण म्हणजे सभेत पहिला प्रश्न हाच येतो : "तुमची पट्टी भरली का?" थकबाकीदार माणूस कितीही खरं बोलला तरी तिथेच खाली बसतो. पट्टी भरल्याच्या पावत्या फाइलच्या पहिल्या पानावर लावा.

आधी पाणी मोजा

"पाणी येत नाही" या वाक्याला "येतं की!" हे उत्तर असतं. आकड्याला असं उत्तर देता येत नाही. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं, तेव्हापासून ग्रामीण नळपाण्याचं प्रमाण माणशी रोज ५५ लिटर धरलं जातं. तुमच्या वस्तीला त्यातलं किती मिळतं, ते बादली आणि घड्याळ घेऊन काढता येतं.

पंधरा घरं निवडा : पाच टाकीजवळची, पाच मधली, पाच टोकाची. फक्त टोकाची घरं मोजली तर "सगळ्या गावालाच कमी आहे" असं म्हणून विषय पातळ करता येतो. तिन्ही ठिकाणचे आकडे शेजारी ठेवले की वाटपातली तफावत उघडी पडते.

बादली २० लिटरची म्हणून विकली गेली असली तरी काठोकाठ भरल्यावरच २० लिटर भरते, आणि कित्येक बादल्या तेवढ्याही भरत नाहीत. म्हणून १ लिटरच्या बाटलीने वीस वेळा पाणी ओतून बादलीला आतून खूण करा. सगळीकडे तीच बादली वापरा. मग नळाखाली बादली लावून खुणेपर्यंत भरायला किती वेळ लागतो ते पाहा. हे तीनदा करायचं : पाणी सुटल्यावर पाच मिनिटांनी, मध्यावर आणि बंद व्हायच्या थोडं आधी. सुरुवातीला वाहिनीत साचलेलं पाणी आणि हवा येते, शेवटी दाब उतरतो, त्यामुळे एकाच मोजणीवर भिस्त ठेवली तर आकडा फसवतो. तिन्ही वेळांची सरासरी घ्या.

समजा टोकाच्या घरात २० लिटरची बादली भरायला ४ मिनिटं लागतात. म्हणजे मिनिटाला ५ लिटर. पाणी दिवसाआड ४५ मिनिटं सुटतं, म्हणजे दोन दिवसांचे २२५ लिटर, एका दिवसाचे ११२. घरात पाच माणसं असतील तर माणशी २२ लिटर. टाकीजवळच्या घरात तीच बादली १ मिनिट १० सेकंदांत भरते. तिथे तेवढ्याच वेळात ७७० लिटर मिळतात, माणशी रोज ७७. योजनेत पाणी आहे आणि वाटप वाकडं आहे, हे या दोन आकड्यांतून कोणालाही कळतं.

मोजणी सलग १० दिवस करा, म्हणजे दिवसाआडच्या पुरवठ्याच्या पाच पाळ्या मिळतात. वहीत रकाने साधे ठेवा : तारीख, घर, माणसं, पाणी सुटल्याची वेळ, बंद झाल्याची वेळ, तीन बादल्यांचे सेकंद, सही. सही घरच्या माणसाची, मोजणाऱ्याची नव्हे. ज्या घरात टिल्लू पंप लावून पाणी ओढतात, ते घर मोजणीत घेऊ नका. वेगळ्या पानावर नुसती संख्या लिहा, नावं लिहू नका. नावं लिहिलीत की अर्धी वस्ती गटाच्या विरोधात जाते आणि मोजणी तिथेच थांबते.

टोकाला पाणी का येत नाही, याचा अंदाजही याच दहा दिवसांत घ्या. दहा-बारा फूट पारदर्शक नळी शेवटच्या नळाला घट्ट बसवा आणि तोंड हळूहळू वर धरत जा. पाणी हातभरही वर चढत नसेल तर दाबच नाही : एकतर वस्ती उंचावर आहे, किंवा आधीच्या घरांनी पाणी ओढून घेतलंय, किंवा वाटेत मोठी गळती आहे. पाणी डोक्याच्या वर चढतंय पण नळाला धार बारीक आहे, असं असेल तर दाब आहे आणि त्या घराचं कनेक्शन चोंदलेलं असण्याची शक्यता जास्त. दुसऱ्या प्रकाराला ग्रामसभेचा ठराव लागत नाही, प्लंबर लागतो. हे आधी तपासलं नाही तर भर सभेत पाणी सोडणारा कर्मचारी उभा राहून तेवढंच सांगतो, आणि दहा दिवसांच्या कष्टावर पाणी पडतं.

टाकी पूर्ण भरते का, तेही पाहा. कित्येकदा पंपाच्या वीजबिलाची थकबाकी असते, किंवा थ्री फेज वीज ज्या वेळी मिळते त्या वेळी पंप चालू करायला माणूस नसतो. टाकी अर्धीच भरत असेल तर व्हॉल्व्ह कितीही बदला, टोकाला पाणी जाणार नाही.

जमलं तर क्लोरिनही पाहून घ्या. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटी टेस्टचं साहित्य असतं. नळाचं पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला नाही, तर त्या नळापर्यंत क्लोरिन पोचलेलं नाही. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असायला हवं. पाणी कमी असणं आणि ते शुद्ध नसणं हे मात्र दोन वेगळे ठराव आहेत, एकात कोंबू नका.

योजना कोणाची, कागद कुठे

मोजणी चालू असतानाच कागद काढायला लागा. पहिला प्रश्न : योजना एका गावाची आहे की अनेक गावांची प्रादेशिक? एका गावाची योजना बहुधा जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाने केलेली असते आणि पूर्ण झाल्यावर ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित होते. मोठी प्रादेशिक योजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची असू शकते. हस्तांतरण झालेलंच नसेल तर ग्रामपंचायत म्हणते "ठेकेदाराचं काम आहे", ठेकेदार म्हणतो "मी देऊन टाकलं", आणि वस्ती या दोघांच्या मध्ये लटकते. म्हणून हस्तांतरणाचं पत्र हा पहिला कागद.

बाकीचे कागद असे : योजनेचं अंदाजपत्रक आणि नकाशा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका म्हणजे एमबी, पूर्णत्वाचा दाखला आणि गेल्या वर्षभराची पंपाची वीजबिलं. नकाशा सगळ्यांत मोलाचा. वस्तीपर्यंत ९० मिलिमीटरची वाहिनी दाखवून प्रत्यक्षात ६३ ची टाकली असेल, तर ते नकाशा आणि एमबी शेजारी ठेवल्यावरच दिसतं. खड्डा खणून पाइपवर छापलेला व्यास वाचता येतो. मात्र खणताना ग्रामपंचायतीचा माणूस हजर असू द्या, नाहीतर वाहिनी फोडल्याचा आळ येतो.

ग्रामपंचायतीत आधी तोंडी मागा. बरेच ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) फाइल दाखवतात. जिल्हा परिषदेसारख्या जिल्हास्तरीय कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा राज्य शासनाचा २६ नोव्हेंबर २०१८ चा निर्णय आहे. सोमवारी जाऊन फाइल आधी पाहून घेतली की माहिती अधिकारात नेमकी पानं मागता येतात.

तरीही नाही मिळालं तर माहिती अधिकार अर्ज. महाराष्ट्रात तो 'जोडपत्र अ' मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. अर्जाचा विषय एकच असावा आणि मजकूर शक्यतो १५० शब्दांच्या आत, असं राज्याचे नियम सांगतात. पाणी, रस्ता आणि घरकुल एकाच अर्जात घातलंत तर तो परत येतो. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते.

"वस्तीला पाणी का येत नाही?" हा प्रश्न माहिती अधिकारात बसत नाही. उत्तर येईल : "माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही." कागदाचं नाव घेऊन मागा : "अमुक नळपाणीपुरवठा योजनेच्या मोजमाप पुस्तिकेतील वितरण वाहिनीच्या नोंदींच्या छायाप्रती." प्रती साधारण २ रुपये पानाप्रमाणे मिळतात. उत्तराची मुदत ३० दिवस. मुदत उलटून गेली तर माहिती फुकट द्यावी लागते. हे कलम ७(६) अपिलात आवर्जून लिहा. पहिलं अपील मुदत संपल्यापासून किंवा उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. ग्रामपंचायतीच्या बाबतीत ते पंचायत समितीकडे जातं. अपिलीय अधिकाऱ्याचं पदनाम ग्रामपंचायतीच्या फलकावर असायला हवं. त्याच्यापुढचं दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे करता येतं, पण तिथे तारीख लागायला फार काळ जातो. म्हणून त्याच्या भरवशावर ग्रामसभा चुकवू नका.

सभेआधीचे पंधरा दिवस

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. प्रथेने त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होतात. आचारसंहिता लागली तर पुढेमागे सरकतात. पाण्याच्या विषयाला दोन सभा सोयीच्या. १ मेच्या सभेत टंचाई अंगावर असते, सगळं गाव ऐकायला तयार असतं. आणि २ ऑक्टोबरपासून पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची मोहीम सुरू होते. पैसे लागणारं काम ऑक्टोबरमध्ये आराखड्यात गेलं नाही, तर मेमध्ये केलेल्या ठरावाला "तरतूद नाही" हे उत्तर ठरलेलं.

सभेची नोटीस सात दिवस आधी निघते आणि तिच्याबरोबर विषयपत्रिका. म्हणून विषय घेण्याचा अर्ज त्याआधी, सभेच्या किमान पंधरा दिवस अगोदर द्या. अर्ज सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्या नावे, दोन प्रतींत. एक प्रत त्यांना, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का. पोच देत नसतील तर वाद घालू नका. तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती फाइलला लावा.

अर्जात भाषण नको. "येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत 'वरच्या वस्तीतील ३४ घरांना होणारा अपुरा पाणीपुरवठा व त्यावरील उपाययोजना' हा विषय घ्यावा, ही विनंती. सोबत १० दिवसांच्या मोजणीचा तक्ता व ५२ ग्रामस्थांच्या सह्या." बस्स. विषय पत्रिकेवर नसला तर तो 'ऐनवेळच्या विषयात' ढकलला जातो, आणि ऐनवेळचे विषय येईपर्यंत निम्मी सभा उठून गेलेली असते.

ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते आणि तिच्यातले ठराव ग्रामसभेपुढे ठेवायचे असतात. बऱ्याच गावांत ही सभा घरोघर सह्या फिरवून कागदावरच उरकतात. ती खरोखर भरली आणि तिथे पाण्याचा ठराव झाला, तर दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत तुमचा विषय आधीच अर्धा मंजूर झालेला असतो. बचत गटांच्या बैठकीत आठवडाभर आधी सांगून ठेवा, तेवढं पुरतं.

आता कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली लहान संख्या. ५०० मतदारांच्या गावात ७५, आणि ८०० च्या गावात १५ टक्के म्हणजे १२० होतात, म्हणून १००. (पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींसाठीचा कायदा, लागू असलेल्या क्षेत्रातल्या ग्रामसभांचे नियम वेगळे आहेत, तिथे हा हिशोब लावू नका.) कोरम भरला नाही तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला कोरम लागत नाही, पण तिच्यात नवा विषयही घेता येत नाही. गट म्हणून याचा अर्थ सरळ आहे : मूळ सभेच्या पत्रिकेवर तुमचा विषय असलाच पाहिजे, मग सभा तहकूब झाली तरी तो मरत नाही. आणि तहकूब सभेला लोक येत नाहीत असं गृहीत धरलेलं असतं. त्या दिवशी तुमच्या वस्तीतले तीस-चाळीस जण आले तर बहुमत तुमचंच.

सभेच्या चार-पाच दिवस आधी सरपंचांना आणि पाणीपुरवठा समितीच्या अध्यक्षांना तक्ता घरी नेऊन दाखवा. काही कार्यकर्त्यांना हे पटत नाही. सभेत एकदम आकडे फेकून समोरच्याला उघडं पाडायचं असतं. टाळ्या मिळतात, काम होत नाही. ज्याने व्हॉल्व्ह बसवायचा त्यालाच चारचौघांत अपमानित केलं तर तो वर्षभर फाइल दाबून बसेल. घरी बसून चहा घेतला की तोच माणूस "एवढं तर मीच करतो" म्हणतो, आणि ठरावाचा सूचकही होतो.

ठराव कसा लिहायचा

ठरावाचा मसुदा घरून लिहून न्या. सभेत ग्रामपंचायत अधिकारी घाईत असतात. तयार मजकूर हातात दिला तर तोच उतरवला जातो. नमुना असा :

"विषय क्र. ६ : वरच्या वस्तीतील ३४ घरांना होणारा अपुरा पाणीपुरवठा. ठराव : ग्रामस्थांनी १० दिवस केलेल्या मोजणीत वस्तीतील घरांना माणशी रोज सरासरी २२ लिटर, तर टाकीजवळील घरांना ७७ लिटर पाणी मिळत असल्याचे आढळले (तक्ता सोबत जोडला आहे). सबब, देवळाजवळ वितरण वाहिनीवर स्वतंत्र व्हॉल्व्ह बसवून वरच्या वस्तीला दिवसाआड स्वतंत्र ६० मिनिटे पाणी सोडावे. खर्च ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा निधीतून करावा. काम ४५ दिवसांत पूर्ण करावे. जबाबदारी ग्रामपंचायत अधिकारी व पाणीपुरवठा समिती अध्यक्ष यांची राहील. झालेल्या कामाचा अहवाल पुढील ग्रामसभेत ठेवावा. सूचक : ... अनुमोदक : ..."

यातलं एकेक वाक्य कामाचं आहे. "योग्य ती कार्यवाही करावी" असं लिहिलं की पत्र पाठवणं हीसुद्धा कार्यवाही ठरते. "लवकरात लवकर" याला कुठल्याच कॅलेंडरात तारीख नाही. निधीचा उल्लेख नसेल तर खर्च टाकायचा कुठे, यावर तीन महिने जातात. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) अनुदानात ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायची होती, निम्मी पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मी स्वच्छतेसाठी. तिची शिल्लक किती आणि चालू निधीचे निकष काय, ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याला आधीच विचारून घ्या आणि ठरावात त्याच निधीचं नाव लिहा. गावाचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कोणालाही पाहता येतो.

ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरचं काम ग्रामपंचायतीला सांगू नका. नवी टाकी किंवा मोठ्या व्यासाची वाहिनी हवी असेल तर ठराव वेगळा लिहायचा : "ग्रामीण पाणीपुरवठा विभागाने जागेची पाहणी करून सुधारित अंदाजपत्रक करावे, अशी ही सभा शिफारस करते." व्हॉल्व्हचा आणि टाकीचा ठराव एकत्र केला तर टाकी मंजूर होईपर्यंत व्हॉल्व्हही बसत नाही. जलजीवनच्या कामात गावांतर्गत खर्चाच्या १० टक्के लोकवर्गणी धरलेली असते (डोंगराळ आणि अनुसूचित जाती-जमाती बहुसंख्य गावांत ५ टक्के). नव्या कामाचा ठराव करताना लोक हा वाटा देणार का, हे वस्तीत आधी बोलून ठेवा.

सभेत एकाने बोलावं, तीन मिनिटं. तक्त्याची एक मोठी प्रत भिंतीला लावा. दुसऱ्याने ठराव वाचावा, तिसऱ्याने अनुमोदन द्यावं. कोणी जुनं भांडण उकरून काढलं तर उत्तर देऊ नका. "तो विषय पत्रिकेवर घेऊ, आता सहावा विषय चालू आहे" एवढं म्हणा. मतभेद असेल तर हात वर करून मत घ्यायला सांगा आणि संख्या प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या. 'सर्वानुमते' मिळालं तर उत्तम, पण त्यासाठी मुदत किंवा निधीचं वाक्य गाळू नका. ३८ विरुद्ध ११ असा मुदतीसकटचा ठराव बिनमुदतीच्या सर्वानुमतेपेक्षा बरा.

हजेरीच्या सह्या आणि ठराव यांच्यामध्ये कोरी पानं दिसली तर तिथल्या तिथे विचारा. कोऱ्या पानाखाली सही करू नका. सभा उठण्याआधी "सहावा विषय एकदा वाचून दाखवा" अशी विनंती करा; वाचताना काय गळलं ते लगेच लक्षात येतं.

सभा झाल्यावर

आठ दिवसांच्या आत ठरावाची प्रमाणित प्रत मागा. ठराव क्रमांक आणि तारीख हाताशी आल्यावर प्रत्येक पत्राच्या पहिल्या ओळीत तेच लिहायचं. एक पत्र गटविकास अधिकाऱ्याला, एक ग्रामीण पाणीपुरवठा उपविभागाच्या उपअभियंत्याला, दोन्हींना ठराव आणि तक्ता जोडून. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र, त्यावर "संदर्भ : आमचे दि. ... चे पत्र, आवक क्र. ..." ही ओळ. कार्यालयात फाइल शोधली जाते ती आवक क्रमांकावरून, तुमच्या तळमळीवरून नाही.

४५ दिवस संपले आणि काही झालं नाही, तर वरच्या पायऱ्या आहेत. पहिली लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी लोकांची गाऱ्हाणी ऐकतात तो दिवस. तालुक्याचा लोकशाही दिन तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी. अर्ज पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात. इथे बरेच गट फसतात : लोकशाही दिनात गाऱ्हाणं वैयक्तिक लागतं. "समस्त ग्रामस्थ" म्हणून दिलेला अर्ज तिथे घेत नाहीत. एका घराच्या नावाने, "माझ्या नळाला पाणी येत नाही, ठराव होऊनही काम झाले नाही" असा अर्ज द्या. वस्तीतल्या चार-पाच घरांनी वेगवेगळे दिले तरी चालतात. सामुदायिक मागणीला पंचायत समितीची आमसभा योग्य जागा. ती आमदारांच्या अध्यक्षतेखाली होते आणि सगळ्या खात्यांचे तालुका अधिकारी समोर बसलेले असतात. 'आपले सरकार'च्या तक्रार पोर्टलवरही टाका, पण तक्रार "निकाली" दाखवून बंद केली जाऊ शकते. बंद झाली की अभिप्रायात "काम झालेले नाही" लिहून त्या पानाचा फोटो फाइलला लावा.

प्रजासत्ताक दिनाच्या तोंडावर आत्मदहनाच्या इशाऱ्याची निवेदनं जिल्हाधिकारी कार्यालयात ढिगाने येतात. तो मार्ग धरू नका. पोलिसांची नोटीस अर्जदाराच्या घरी येते, माणूस घाबरतो, आणि पाण्याची फाइल कायदा-सुव्यवस्थेची होते. उपोषणाला बसायचंच असेल तर ठराव, दोन स्मरणपत्रं आणि मुदत संपल्याचा कागद हातात असल्यावरच, तहसीलदार आणि पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवून. एवढे कागद गोळा होईपर्यंत बहुतेक ठिकाणी व्हॉल्व्ह बसलेला असतो.

व्हॉल्व्ह बसला की पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या वेळापत्रकाकडे बघा. नवा व्हॉल्व्ह उघडायला त्याला रोज वर चढून जावं लागत असेल तर पावसात तो जाणार नाही, आणि दोन आठवड्यांत व्हॉल्व्ह कायमचा अर्धवट उघडा राहतो. किल्ली कोणाकडे, वेळ काय, हे टाकीवर रंगाने लिहून घ्या. वस्तीतल्या एका बाईचं नाव पाणीपुरवठा समितीत सुचवा. समितीत निम्म्या तरी महिला असायलाच हव्यात, आणि ती जागा पुष्कळदा नावापुरती भरलेली असते.

मग त्याच पंधरा घरांत, त्याच खुणेच्या बादलीने पुन्हा मोजा. पावसाळ्यात मोजू नका. तेव्हा सगळीकडेच पाणी असतं आणि आकडा खोटा समाधानी येतो. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात मोजणी करा आणि जुना-नवा तक्ता शेजारी लावून १ मेच्या सभेत ठेवा. टोकाच्या घराला ५० च्या पुढे लिटर मिळत असतील तर विषय बंद करायचा ठराव घ्या. ३५ वर अडकलं असेल तर टाकीचा दुसरा ठराव बाहेर काढा, तो ऑक्टोबरच्या आराखड्यात जायचा आहे.